सत्ताविसावा अध्याय

“पोथी मधीच तोडू नगंस. मी येईस्तोवर रोज एक अध्याय, आन् मोठ्यानं.”

वडूजच्या स्टँडावर कृष्णात बायकोला, अंजनाला, एवढंच बोलला आणि एस.टी.त चढला. एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई पेटली, तशी पलटणीनं त्याची सुट्टी मोडली होती. आता लढाई थांबून पंधरा दिवस झाले, पण त्याचं पत्र नव्हतं. अंजना पहाटे न्हायची, दिवा लावून पोथीपुढं बसायची. जीव मात्र थाऱ्यावर नसायचा. रस्त्यावर सायकल वाजली की वाचता वाचता ओळ चुकायची.

तारवाला आला तो शेजारच्या हरणाबाईकडं. तिचा नवरा त्याच पलटणीतला. हरणाबाई रोज पोथी ऐकायला यायची. आता तेरावं होऊन गेलं तरी ती आली नाही, आणि अंजनानंही तिचं दार टाळलं. परड्यात जाताना पदर तोंडावर ओढून घ्यायची.

आज सत्ताविसावा अध्याय होता. त्यात एका बाईचा नवरा जातो. आपल्याच तोंडानं ते निघालं आणि खरं ठरलं तर? अंजनानं ती पानं अलगद बाजूला सारली आणि पुढचा अध्याय धरला.

सासूबाईंना, मनुबाईंना, अक्षरओळख नव्हती. पण वर्षानुवर्षं ऐकून क्रम पाठ होता.

“अंजने, आजचा कुठं गेला?”

“वाचला की, आत्याबाई.”

“मग माझंच कान फुटलं म्हणायचं.”

अंजनानं बाजूला सारलेली पानं पुढं ओढली. “मरान हाय त्यात. मला न्हाई वाचवत.”

मनुबाईंनी वातीची काजळी झाडली. “तुजा सासरा बर्माच्या लढाईत होता, तवा गुरव वाचायचा. त्याला म्हणलं, ह्यात मरान हाय म्हणत्यात, ह्यो अध्याय गाळ, पायलीभर जोंधळं जास्ती घे. त्यानं लगोलग गाळला. सासरा आला बी. पर मागनं हितंच अंथरुणात गेला, तवा कसं उठायचं, कसं जेवायचं, मला काय ठावं न्हवतं. पुढं बी दर साली त्यो गाळूनच पोथी ऐकली; आजवर त्यो अध्याय मी ऐकलाच न्हाई. वाच.”

अंजना वाचू लागली. नवरा गेला तिथं आवाज फाटला. घोटभर पाणी पिऊन तिनं तीच ओळ पुन्हा घेतली. पुढं ती बाई देवाशी भांडते, चूल पेटवत नाही. मग गावातल्या बायका येऊन तिच्याजवळ बसतात. कुणी काही समजावत नाही. त्यांच्यातच देव बसलेला असतो, हे कुणाला कळत नाही.

मनुबाईंनी पोथीला हात जोडले. मग म्हणाल्या, “लय उशिरा ऐकला मी.”

अंजनानं पानं सारखी केली. “आत्याबाई, उद्यापासनं हरणाबाईच्या सोप्यात वाचीन.”

“भ्या न्हाई वाटत?”

“वाटतंय की.”

दुसऱ्या दिवशी उजाडताना तिनं पोथी धुतल्या फडक्यात बांधली. पत्र आलेलंच नव्हतं. कुडाच्या कडेनं, पदर नीट मागं सारून, ती हरणाबाईच्या दाराकडं चालू लागली.