छातीच्या गोळ्या

"पेरल्यास होय? उगवणार आहेत का ह्या?"

एनेलाने हात पुढे केला. तळहातावर मातीने माखलेल्या औषधाच्या गोळ्या होत्या. भोपळ्याच्या वेलाखाली खुरपताना सापडलेल्या.

थोकोझानी, तेरा वर्षांची पोर, अंगणात नुसती खाली बघत उभी राहिली. एनेलाने हात उगारला आणि तसाच खाली घेतला. मारण्याइतकाही राग आला नाही. त्याचंच तिला जरा नवल वाटलं.

थोको तिच्या बहिणीची, नेफिलेची मुलगी. इकडे आईच्या धाकट्या बहिणीला धाकटी आई म्हणतात. थोको नुसतं आईच म्हणायची. अलीकडे तेही बंद झालं होतं.

एनेलाचा नवरा जोहान्सबर्गला खाणीवर गेला तो तिकडचाच झाला. मग तिची आई अंथरुणाला खिळली, नंतर भाऊ, नंतर नेफिले. प्रत्येकाची कूस एनेलाने बदलली, प्रत्येकाला शेवटची अंघोळ तिनेच घातली. नेफिलेला पुरताना बाकीच्या बायका आक्रोश करत होत्या, आणि हिच्या मनात येत होतं, सरोवरावरून आणलेली मासळी वाळत घालायची राहिलीय. तेव्हापासून तिच्या जिभेला मिठाची चव लागत नव्हती. कालवणात मीठ पुरेसं आहे का, ते ती थोकोला चाखायला लावी.

"ओडी! आहे का कुणी घरात?"

आरोग्य केंद्रातल्या सिस्टर फालेसींनी सायकल कुडाला टेकवली. घाम पुसत चटईवर बसल्या.

"माई, पोरीच्या रक्ताचा अहवाल चांगला नाही आला. गोळ्या घेते ना ती?"

एनेलाने मूठ उघडून दाखवली.

सिस्टरनी त्यातली एक गोळी उचलून बोटांनी पुसली. "गोळ्या कशाच्या ते सांगितलंय तिला?"

"छातीच्या म्हणून सांगितलंय."

"आता सांगायला हवं."

"तुम्हीच सांगा ना सिस्टर. तुम्हाला सवय आहे."

"मी सांगेन आणि सायकलवर बसून निघून जाईन. राहायचं तिला तुमच्याजवळ आहे. तुम्ही बोला, मी बसते इथेच."

एनेलाने थोकोला हाक मारली. ती येऊन चटईच्या कडेला बसली.

"त्या गोळ्या छातीच्या नाहीत," एनेला म्हणाली.

"माहितीये."

"काय माहितीये?"

"एचआयव्हीच्या आहेत. शाळेत तशाच डबीचं चित्र दाखवलं होतं."

"मग पुरून का ठेवल्यास? मरायचंय?"

"तूच म्हणालीस."

"मी?"

"हापशावर. शेजारच्या काकूला. म्हणालीस, आता पुढची हीच, हिचं झालं की मी मोकळी." थोकोचा आवाज सपाट होता, पाठ केलेला धडा म्हणावा तसा.

एनेलाला आठवलं. ती खरंच तसं म्हणाली होती, बादली भरता भरता. नाही म्हणावं असंही तिला वाटलं नाही.

"म्हणाले," ती म्हणाली. "तूही जाणार असं आधीच धरून चालले होते मी. म्हणजे त्या दिवशी..."

सिस्टरनी मध्येच विचारलं, "माई, झोप लागते का तुम्हाला?"

"मला?" एनेलाने थोकोकडे पाहिलं, जणू प्रश्न तिला होता. "पडते नुसती. श्वास ऐकत पडते. चालू आहे ना, बघते."

थोकोने मान वर केली. "कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? घरात आणखी कोण आहे, गाढवे?"

मग सिस्टर थोकोला म्हणाल्या, "तुझ्या आईची औषधं फार उशिरा सुरू झाली. तुझं तसं नाही. रोज घेतलीस तर म्हातारी होशील, नातवंडांना ओरडशील." आणि एनेलाला म्हणाल्या, "शनिवारी केंद्रावर ह्याच गोळ्या घेणारी, हिच्या वयाची मुलं जमतात. सांभाळणाऱ्या बायका वेगळ्या बसतात, आंब्याखाली. तुम्हीही या."

"येऊन काय करायचं?"

"काही नाही. बसायचं."

थोको आत गेली. डबी आणि पाण्याचा पेला घेऊन आली, दोघींच्या समोर गोळी गिळली आणि तोंड वाकडं केलं. आता आपल्याला बरं वाटायला हवं, असं एनेलाच्या मनात आलं. ती वाट बघत राहिली. काही वाटलं नाही. फक्त पाठ एकाएकी जड झाली.

"जरा आडवी होते," ती म्हणाली आणि तिथेच चटईवर कलंडली. सिस्टरनी सायकल न वाजवता फाटकाबाहेर काढली.

थोकोने चुलीवर मक्याच्या पिठाचा एनसिमा घोटला, झाकून ठेवला. एनेला उठली नाही. तोंड किंचित उघडं, एक हात चटईबाहेर मातीत. दिवसाउजेडी तिला झोपलेलं थोकोने कधी पाहिलं नव्हतं.

ऊन सरकत सरकत एनेलाच्या पायांवर आलं. थोकोने दोरीवरचं ओलं कापड काढलं आणि छपराच्या कडेला अडकवलं. पायांवर सावली पडली, पण पाणीही ठिबकायला लागलं. तिने कापड पुन्हा काढलं, अंगणाच्या टोकाशी जाऊन घट्ट पिळलं आणि परत आणून लावलं.