मिशांचे मलम आणि समुद्राचा तळ

मित्रांनो, मला एका हाताने उचलायला जाऊ नका, कंबर धरेल! मी एक जुना शिशाचा गोळा आहे. नाव गोळा असले तरी अंगाने मी दुधी भोपळ्यासारखा लांबट. माझ्या डोक्याला दोर ओवायचे भोक आहे आणि बुडाला एक खळगा. एंखाउझेन बंदरातल्या ओताऱ्याने मला साच्यातून काढले तेव्हा तो म्हणाला, "दिसायला बेढब झालाय, पण बुडायला एक नंबर!" माझे पहिले कौतुक हेच.

बुडणे हेच माझे काम होते. 'पांढरी मेंढी' नावाच्या गलबतावरून खलाशी मला दोराला बांधून समुद्रात सोडत. मी तळाला टेकलो की पाणी किती वाव खोल आहे ते दोरावरून कळे. पण माझा खरा तोरा होता त्या खळग्याचा. त्यात चरबी थापलेली असे. तळाशी वाळू, शिंपला, चिखल, जे काही असेल ते चरबीला चिकटून वर येई. मग युरियान तांडेल ते बोटावर चोळी, हुंगे, जिभेला लावी आणि गलबत कुठे आहे ते सांगे.

आम्ही पृथ्वीला वळसा घालायला निघालो होतो. तोपर्यंत फार थोड्यांनी ते केले होते आणि त्यातले बरेचसे परत आले नव्हते. मला त्याचे काय! मला रोज नवा तळ मिळत होता. दक्षिणेच्या सामुद्रधुनीत काळे गार खडे लागले. उष्ण बेटांपाशी पोवळ्यांचा पांढरा चुरा लागला, पिठीसाखरेसारखा. मसाल्याच्या बेटांजवळच्या चिखलाला लवंगेचा वास येतो, असे युरियानने सगळ्यांना छातीठोकपणे सांगितले. त्या सकाळी तो स्वतःच लवंगा चघळत होता, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. जिथे माणसाची नजर कधी पोचली नव्हती तिथे मी आधी जाऊन बसत असे. मित्रांनो, त्या दिवसांत मी फार सुखी होतो.

परतीच्या वाटेवर मात्र हाल झाले. खोल समुद्रात दोर संपला तरी तळ लागेना, म्हणून मला कोपऱ्यात टाकून दिले. खाणे संपत आले. बिस्किटांपेक्षा त्यांतले किडेच जास्त झाले. तेव्हा लुबर्ट आचाऱ्याने माझ्या वाट्याची चरबी पिंपासकट उचलली आणि वाटाण्यांत ढकलली.

"माणसं उपाशी मरतायत आणि या ठोंब्याला कशाला तूप?" तो म्हणाला. मला राग आला, पण जेवताना सगळ्यांचे चेहरे खुललेले पाहिले आणि राग निवळला.

मग घराजवळ आल्यावर दाट धुके पडले. प्यायचे पाणी संपले होते. निम्मे खलाशी हिरड्या सुजून आडवे पडले होते. किनारा चुकला असता तर गलबत वाळूच्या दांड्यांवर आपटून फुटले असते, आणि थांबून राहिले असते तर आजारी माणसे तहानेने गेली असती. मला घाईघाईने खाली सोडले. खोली कळली, पण तेवढी खोली इंग्लंडच्या बाजूलाही होती आणि आमच्याही.

"कोरडं तोंड घेऊन आला," युरियान माझा खळगा बघून म्हणाला. "चरबीशिवाय हा बोलणार काय?"

सगळ्यांनी लुबर्टकडे पाहिले. त्याने हात झटकले. मग एकेक नजर वोल्फर्ट कप्तानाच्या मिशांकडे वळली.

"कप्तानसाहेब, ती डबी..." युरियान हळूच म्हणाला.

"कुठली डबी?"

"रोज उघडून हुंगता ती."

"ती माझ्या बायकोची आहे!" कप्तान गरजला. "मारिटनं स्वतःच्या हातानं चरबीत गुलाबपाणी घोटून मिशांचं मलम दिलंय. बोटभर उरलंय, ते उतरायच्या दिवसासाठी. मिशा पाडून जाऊ तिच्यासमोर?"

"आणि मिशा वर करून बुडालात, तर मासे ओवाळणार आहेत का तुम्हाला?" लुबर्टने विचारले.

कोणी हसले नाही. कप्तानाने आडव्या पडलेल्या माणसांकडे पाहिले. मग तो आत गेला, डबी घेऊन आला आणि त्याने स्वतःच्या बोटाने सगळे मलम माझ्या खळग्यात भरले. डबी पुसूनसुद्धा घेतली. जन्मात पहिल्यांदा मी सुगंध लावून पाण्यात उतरलो!

वर आलो तेव्हा माझ्या बुडाला करडी वाळू आणि काळे कण होते. युरियानने जीभ लावली आणि तोंड वेडेवाकडे केले. "गुलाबच गुलाब! दुसरं काही लागेल तर शपथ!"

कप्तानाने एक काळा कण नखाने काढला, चुरडला आणि नाकाशी नेला. त्याचे डोळे एकदम भरून आले.

"अरे, हे आपलं जळण! आपल्या दलदलीतलं काळं जळण! माझी आई चुलीत हेच घालायची. म्हणजे हा आपलाच किनारा!"

तो कण हातोहात फिरला. आडवे पडलेलेही हुंगायला उठून बसले. त्या काळ्या कणांच्या मागोमाग, मला पुन्हापुन्हा बुडवत, गलबत पुढे सरकले. दुपारी धुके फाटले आणि समोर आमच्या टेक्सेल बेटाच्या वाळूच्या टेकड्या दिसल्या. खलाशी नाचले, रडले आणि लुबर्टने माझ्या डोक्याचा मुका घेतला. त्याच्या दाढीला वाटाण्याचा वास होता, तरी मला आवडले.

धक्क्यावर कप्तान टोपीआड तोंड लपवून उतरला. मारिटने टोपी काढून घेतली. "मिशांना काय झालं?"

"मलम संपलं. या शिशाला लावलं," तो माझ्याकडे बोट दाखवत पुटपुटला.

युरियानने तिला सगळे सांगितले. ती हसत हसत रडली आणि दोन्ही हातांनी त्याच्या लोंबत्या मिशा धरून म्हणाली, "अशाच राहू देत. पुन्हा वर वळवल्यास तर बघ!"

कप्तानाने मला घरी आणले, घासूनपुसून चुलीवरच्या भिंतीला टांगले. पाहुणे येत, मला हात लावून जात. पुढे त्याच्या नातवंडांच्या काळात मी खाली आलो आणि आता दार अडवून धरतो. माझ्यावर धूळ नाही, ओरखडा नाही, माझी काळजी चांगली घेतात. पण मित्रांनो, नुसते पुसून ठेवले म्हणजे जपले असे होत नाही. या दारापुढे एक कालवा आहे. मी साऱ्या जगाचे तळ चाखले, पण त्याच्या तळाशी काय आहे ते मला अजून ठाऊक नाही. तुमच्यापैकी कोणी माझ्या बुडाला बोटभर लोणी लावाल का? गुलाबाचे नसले तरी चालेल. दोर मात्र घट्ट बांधा, मला वर येऊन सांगायचे आहे.