ज्योत्स्नाबाईंचा ओटा

इंदिरानगरच्या सहादू आणि ज्योत्स्ना गांगुर्डे यांचं स्वयंपाकघर टीव्हीवर निवडलं गेलं, तेव्हा ज्योत्स्नाबाईंनी आधी जळमटं काढली. जुनी घरं नवी करून देणारा तो कार्यक्रम. त्यांच्या लेकीनं गुपचूप अर्ज पाठवला होता.

पहिल्याच दिवशी दिग्दर्शिका मोहिनी मॅडम म्हणाल्या, "सांगा ना मावशी, इतकी वर्षं या अंधाऱ्या खोलीत तुम्ही कशा राबलात?"

"अंधार कुठंय? ट्यूब आहे की."

"जरा डोळ्यांत पाणी आणा."

ज्योत्स्नाबाईंनी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. पाणी काही आलं नाही. मग सूत्रसंचालक अमितनं हेल्मेट घालून जुन्या ओट्यावर घण घातला. तीनदा. फरशीचा टवका उडाला. कॅमेरा बंद झाल्यावर उरलेला ओटा फोडला तो देवराम गवंड्यानं. देवराम पेठ तालुक्याकडचा, कमी बोलणारा माणूस.

काम चालू असताना घरचा स्वयंपाक गॅलरीत होत होता. टेबलावर शेगडी, आणि ज्योत्स्नाबाई दोन विटांवर उभ्या राहून आमटी ढवळत होत्या. देवराम थबकला.

"ताई, इटांवर कशाला?"

"उंची कमी पडते हो. जुन्या ओट्यालाही पाट घ्यायचे."

देवरामनं त्यांना आत बोलावलं, भिंतीशी सरळ उभं केलं, हात कोपरात वाकवायला सांगितला आणि जरा खाली पेन्सिलीनं रेघ मारली. जमिनीपासून तीस इंच. नकाशात चौतीस होते.

संध्याकाळी इंटिरियर डिझायनर स्नेहलनं टेप लावली आणि ओरडलीच. "ओट्याखालचे हे कडाप्पे इतके खाली कुणी बसवले?"

"म्या," देवराम म्हणाला. "बाईला पोचत नाय."

मोहिनी मॅडम धावत आल्या. "अहो, अमित सहा फुटांचा आहे! ओट्यामागं उभा राहिला की वाकलेला दिसेल. परवा शेवटचं शूटिंग आहे, मावशींच्या डोळ्यांवरची पट्टी सोडून नवं स्वयंपाकघर दाखवायचं. वर घ्या."

देवरामनं थापी खाली ठेवली. "रांधणार बाई हाय. वर घ्यायचा तर दुसरा गवंडी बघा."

इतके दिवस मॅडम सांगतील तिथं उभ्या राहणाऱ्या ज्योत्स्नाबाई दारातून ऐकत होत्या. त्या आत आल्या.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "ओटा तीसच राहील. नाहीतर परवा मी डोळ्यांवरची पट्टीच सोडणार नाही."

ओटा तीसच राहिला.

तिसऱ्या दिवशी पट्टी सुटली. संगीत वाजलं, अमितनं हात पसरले. ज्योत्स्नाबाई त्याच्या हाताखालून सरळ ओट्याशी गेल्या. ग्रॅनाइटवर पोळपाट मांडला, लाटणं नुसतंच फिरवून पाहिलं. खांदे वर गेले नाहीत. त्या खदखदून हसल्या.

"कट! मावशी, इथं रडायचंय!"

"रडू कसं येईल? किती बरोबर बसलाय!"

चार वेळा पट्टी बांधली, चार वेळा सोडली. चारही वेळा हसू. पाचव्यांदा पट्टी बांधण्याआधी कॅमेऱ्याची बॅटरी बदलत असताना कोपऱ्यातून हुंदका आला. निवृत्त एसटी कंडक्टर सहादू भिंतीला टेकून रडत होते.

"एकोणतीस वर्षं ही पाटावर उभी राहून पोळ्या लाटते. मी पाट सरकवून दिला, पण ओटा खाली घ्यावा हे काही सुचलं नाही मला."

"अहो, मलाही कुठं सुचलं?" ज्योत्स्नाबाईंनी पदरानं त्यांचे डोळे पुसले.

"बॅटरी!" मोहिनी मॅडम किंचाळल्या. "काका, अगदी असंच परत!"

सहादूंनी नाक पुसलं. "आता झालं रडून. आता भूक लागली."

महिन्याभरानं भाग लागला. त्यात अमित गंभीर आवाजात म्हणाला, "रात्रभर विचार करून मी ठरवलं, मावशींचा ओटा तीस इंचांचा!" ज्योत्स्नाबाई टीव्हीलाच म्हणाल्या, "खोटारडा!" देवराम दोन सेकंद दिसला, तोही पाठमोरा.

त्यांनी लगेच फोन लावला. "देवरामभाऊ, तुमचं नावच नाही हो घेतलं!"

"पाठ दिसली ना. आमच्या पाड्यावर सगळ्यांनी वळखली, लय टाळ्या पडल्या," देवराम हसत म्हणाला.

"आणि शेजारच्या मालनबाईंना ओटा खाली घ्यायचाय. कधी येता?"

"आवणी चालू हाय, ताई. भात लावून झाला की येतो."

"या. जेवायलाच या," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या आणि खिडकीतून मालनबाईंना ओरडून सांगितलं, "येतायत गं!"