ग्राहक क्रमांक एक

आमच्या सरांना सगळे कुलूपवाले सर म्हणायचे. पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं होतं, "घर कोणीही बांधेल, कुलूप कुठं लावाल ते सांगा," आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला त्यांचा विषय होता: डेटाबेसवर चालणाऱ्या वेबसाइट बांधायच्या आणि त्या कोणाला फोडता येणार नाहीत असं बघायचं. प्रोजेक्टही त्यांच्यासारखाच खडूस. कोणाची तरी जुनी, वापरातली साइट मालकाच्या परवानगीनं घ्यायची, तिच्यातली भोकं शोधून बुजवायची आणि शेवटी सर सगळ्यांसमोर ती फोडायला बसणार. फुटली की नापास.

मी आमच्या चष्म्याच्या दुकानाची साइट घेतली. दुकान बाबांचं, साइट दादानं बांधलेली. प्रत्येक ग्राहकाच्या डोळ्यांचा नंबर, फोन, पत्ता सगळं तिच्यात; भरायचं काम दुकानातल्या मदतनिसाचं. बाबांनी परवानगी देताना एकच अट घातली, "डोळे तपासायची वेळ झाली की ग्राहकाला आठवण जायला हवी. लोक विसरतात गं." म्हणून मी तसं एक बटण करून दिलं. मजकूरही त्यांनीच सांगितला.

ग्राहक क्रमांक एक म्हणजे दादा स्वतः. साइट चालते का बघायला त्यानं आधी स्वतःचीच माहिती भरली होती. फोटो, दोन्ही डोळ्यांचे नंबर आणि शेऱ्यात लिहिलेलं, 'काच जाड, नाक त्याहून जाड.'

त्याच साइटवरून दोघांचं वाजलं. दादाला चष्मे घरपोच विकायचे होते. बाबा म्हणाले, "डोळे काय पोस्टानं मागवणार आहेस?" शब्दानं शब्द वाढला आणि बाबा बोलून गेले, "मग या दुकानाची पायरी चढू नकोस." आमच्या घरात कोणी कोणाचं ऐकत नाही, पण हे मात्र दादानं अगदी आज्ञाधारकपणे ऐकलं. सहा वर्षं झाली. त्याचा फोन बंद असतो. आईनं त्याचा विषय काढला की बाबा उठून दुकानात जातात. मी या काळात फोन बदलले, नंबर बदलला नाही, कारण तो त्याला पाठ होता.

साइटमधलं सर्वात मोठं भोक शोधायला मला फारसं डोकं चालवावं लागलं नाही. पासवर्डच्या जागी एक अवतरणचिन्ह टाकायचं आणि पुढे 'किंवा एक बरोबर एक' अशा अर्थाची खूण. दादानं लिहिलेला कोड समोरच्यानं टाकलेलं जसंच्या तसं डेटाबेसच्या प्रश्नाला चिकटवत होता. म्हणजे रखवालदाराला म्हणायचं, 'पासवर्ड राहू दे, एक बरोबर एक आहे ना? मग सोड आत.' आणि तो शहाणा सोडत होता. एवढा हुशार माणूस आणि एवढं भोंगळ काम, म्हणून मला हसू आलं. मग त्याच्याशी भांडायला तो इथे नाही हे आठवलं.

बुजवण्याआधी मी तिथे पाळत ठेवली. त्या वाटेनं कोणी शिरलं की माझ्या फोनवर निरोप यावा. आठवड्याच्या आतच निरोप आला. नंतर पुन्हा, आणि पुन्हा. येणारा कशालाही हात लावत नव्हता. आत यायचा, ग्राहक क्रमांक एकचं पान उघडायचा, थोडा वेळ थांबायचा आणि निघून जायचा.

ही वाट ज्यानं ठेवली, त्याच्याशिवाय ती कोणाला माहीत असणार? शिवाय येणारा मोबाइलवरून येत होता आणि त्याचा इंटरनेटवरचा पत्ता त्या मोठ्या शहराचा दिसत होता, ज्या शहराच्या गाडीत घर सोडताना दादा बसला होता. मोबाइलचा असा पत्ता फक्त मोबाइल कंपनीचं मुख्य दार कुठं आहे ते सांगतो, माणूस कुठं आहे ते नाही, हे सरांनी शिकवलं होतं. परीक्षेत मी तो प्रश्न बिनचूक लिहिला होता. पण मला तो दादाच हवा होता, आणि हवं असलं की शिकलेलं कुठं आठवतं? कॅन्टीनमध्ये, लायब्ररीत, कुठंही फोन वाजला की मी मनात म्हणायचे, आला. लांबून का होईना, तो घरात डोकावतोय. एवढ्यावर माझा दिवस चांगला जायचा.

"बाकी सगळं बुजवलंस. हे का ठेवलंस?" सरांनी विचारलं.

मी खरं ते सांगितलं. सर म्हणाले, "भोकाला माणसं ओळखता येत नाहीत. तुझा भाऊ येतो तिथून चोरही येणार."

"तुम्हाला कुलपाशिवाय काही दिसतं का हो, सर?" माझा तोल सुटला.

ते रागावले नाहीत. माझ्याच लॅपटॉपवर, त्याच भोकातून ते आत गेले आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. मला अक्षरं गिरवायला शिकवणाऱ्या बाई होत्या तिथे. फोन, पत्ता, आणि शेऱ्यात, 'मोतीबिंदू. एकट्या राहतात. चष्मा घरी पोचवणे.'

"यांना विचारलंस?" सर म्हणाले.

मी भोक बुजवलं. टाकलेलं आता नुसतं टाकलेलं राहणार होतं, त्याचा हुकूम होणार नव्हता. कोडच्या चार ओळींचं काम, पण मन घट्ट करून करावं लागलं. मात्र जुनी युक्ती कोणी केलीच, तर त्याला एक मजकूर दिसेल अशी सोय ठेवली: 'दादा, ही वाट मी बंद केली आहे. रागावू नकोस. माझा नंबर तोच आहे. फोन कर.'

दोन दिवसांनी दुपारी लॅबमध्ये निरोप आला. कोणीतरी प्रयत्न केला आणि फसला. लगेच दुसरा, मग तिसरा. मी फोन हातात धरून जिन्याकडे धावले. फोन वाजला. स्क्रीनवर 'बाबा'.

नेमका आत्ताच यांचा फोन यायचा होता! कट करणार होते, पण उचलला.

"अगं, ते पान उघडेना."

"कुठलं पान?"

"दुकानाचं. पासवर्ड बरोबर टाकतोय. ते वरचं चिन्ह, मग एक बरोबर एक. तीनदा टाकला."

मी पायरीवर बसले. "बाबा, तो पासवर्ड नाहीये. कोणी सांगितला तुम्हाला?"

"त्यानंच. मी सारखा विसरायचो ना, तर म्हणाला, हे टाका, हे कधी चुकायचं नाही." मग त्यांचा आवाज खाली आला. "आणि तू तिथं काय लिहिलंयस ते वाचलं मी."

म्हणजे दादा आलाच नव्हता. एकदाही नाही. मला रडू आलं आणि रडण्याच्या आधी राग आला.

"कशाला बघता त्याचं पान? पायरी चढू नकोस म्हणणारे तुम्हीच ना?"

"नंबर बघतो त्याचा," बाबा म्हणाले. "लहानपणापासून दर वर्षी वाढायचा. आताही वाढला असेल. त्याच जुन्या काचेतून बघत असेल तर डोकं दुखत असेल गं. कोणाला डोळे दाखवतो कोण जाणे."



त्या आठवड्यात सरांनी साइट फोडायला घेतली आणि शेवटी हात टेकले. मी पास झाले. शनिवारी घरी गेले ती थेट दुकानात. बाबांना त्यांचं खातं करून दिलं आणि बजावलं, "पासवर्ड स्वतः ठरवा. मलाही सांगू नका. आणि घरच्या माणसाचं नाव ठेवायचं नाही, लोक ओळखतात."

"मग राहिलं काय?" बाबा म्हणाले.

मी तोंड फिरवून उभी राहिले. एकेक अक्षर शोधत त्यांनी काहीतरी टाकलं, दोनदा टाकलं, आणि आत गेले. सरळ दारानं, पहिल्यांदाच. ग्राहक क्रमांक एक उघडला. दादाच्या फोटोकडे बघितलं. मग मला न विचारता 'आठवण पाठवा' दाबलं. 'आपली डोळे तपासणी राहिली आहे. सवडीनं दुकानात यावे.'

खाली 'पाठवला' असं उमटलं.

"पोहोचला असं कधी येतं?"

"त्यानं फोन चालू केला की. आणि नंबर अजून त्याचाच असला तर."

बाबांनी मान हलवली. तपासणीच्या काचांची पेटी उघडली आणि मऊ फडक्यानं एकेक काच पुसायला घेतली. आधी जाड काचा घेतल्या. बाहेर शेजारची दुकानं एकेक करून बंद झाली. आईचा फोन येऊन गेला, जेवायला या म्हणून.

"बाबा, बंद करायचं ना?" मी शटरला हात घातला.

"थांब जरा," ते म्हणाले. "ग्राहकाला बोलावलंय."