हाताचं माप

"वहिनी, काठी झाडूसारखी नका धरू. दोन बोटं रिळाच्या पुढं, दोन मागं. आणि अंगठा वर, असा, मोकळा."

दुकानदाराने स्वतःच्या हाताने करून दाखवलं. तिने बोटं बदलली. मागे स्टुलावर बसलेला तिचा नवरा हसला.

"तिला झाडूच ठाऊक हो. शिकवा, शिकवा. संध्याकाळपर्यंत धरता आली तरी पुष्कळ."

तीही हसली. आज तिला कशाचंच वाईट वाटणार नव्हतं. सकाळी चहा पिताना त्याने पेल्यातून डोकं वर न काढता म्हटलं होतं, "चल जरा माझ्याबरोबर. गळाची काठी घ्यायचीय. हलकी, बाईमाणसाच्या हाताला झेपेल अशी." ती भांडी विसळता विसळता थांबली होती. मग तिने शिंप्याच्या दुकानात निरोप धाडला, की आजची काजं-बटणं उद्या करीन; आणि कपाटाच्या तळाशी ठेवलेल्या नव्या चपला काढल्या. त्या चावत होत्या, पण चावू देत.

लग्न झाल्यापासून तो दर रविवारी तळ्यावर जात होता. तिच्या वाट्याला तळ्यातलं जे यायचं ते संध्याकाळी : मासे साफ करायला, आणि गुंतलेली दोरी सोडवायला. केसाइतक्या बारीक दोरीचा गोळा तो तिच्या मांडीवर टाकायचा. कात्री न लावता ती तो सोडवायची. दिवसभर काजं विणणाऱ्या बाईला गाठींचं काय भय? तिचा हात पाहून तो एकदा मित्रांसमोर म्हणाला होता, "हिचा हात हलका आहे." एवढं एकच कौतुक तिने पुरवून पुरवून संसारभर वापरलं.

तळं मात्र तिने पाहिलं नव्हतं. आधी मुलगा लहान होता. तो मोठा झाला तेव्हा सासूने अंथरूण धरलं, ते आजतागायत. मुलाचं लग्न होऊन सून घरात आली, घरात दोन हात वाढले, तेव्हा तिने धीर करून विचारलं होतं, "आता तरी मला एकदा न्याल?"

"बघू," तो म्हणाला होता.

त्याचं 'बघू' म्हणजे देवळाबाहेर हरवलेली चप्पल. परत आलेली कुणी पाहिली नव्हती. पण ही आली. तिला वाटलं, मनातल्या मनात लक्षात ठेवलं होतं माणसाने.

"ही कशी वाटते?" दुकानदाराने दुसरी काठी दिली.

"ताठ आहे," ती म्हणाली. "नवीन सुनेसारखी." लगेच तिला स्वतःच्या बोलण्याची लाज वाटली, पण दुकानदार मनापासून हसला.

"बरोबर बोललात. ही मोठ्या माशाची. आपल्याला लहान शिकारी मासे धरायचे. त्यांना आमिष बोटाच्या पेराएवढं, वजन नसल्यासारखं. ताठ काठीने ते फेकताच येत नाही, पायाशी पडतं. आणि लुळी काठी घेतली तर मासा तोंड लावून निघून जातो, आपल्याला पत्ता नाही." त्याने डबीतून पत्र्याचा एक चिमुकला मासा काढून तिच्या तळहातावर ठेवला. "हे खोटं मासळं. पाण्यात ओढताना मनगटाला हळूच झटका द्यायचा, की हे लंगडतं."

"लंगडतं कशाला?"

"शिकारी मासा लहान असला तरी गरीब नसतो, वहिनी. धडधाकटाच्या मागं तो लागत नाही. कळपात जे दुखावलेलं दिसेल, त्याच्यावर आधी तुटून पडतो."

"माणसासारखंच की," मागून नवरा म्हणाला, आणि घड्याळ पाहिलं.

दुकानदाराने तिसरी काठी आणली. काळी, बारीक, टोकाला जवळजवळ नाहीशी होणारी. मध्ये सांधा नाही, सबंध एक. सांध्याची काठी न्यायला सोपी, तो म्हणाला, पण टोकाशी होणारी कुजबुज सांध्यापाशी अडते. त्याने दोरी ओवली, तिचं टोक धरून कपाटाआड गेला आणि ओरडला, "डोळे मिटा. कळलं की सांगा."

तिने डोळे मिटले. दुकानातला पंखा ऐकू येत होता, रस्त्यावरची रहदारी ऐकू येत होती. मग तळहाताच्या मधोमध काहीतरी झालं. इतकं बारीक, की सुईने कापडाला नुसतं शिवावं.

"आता," ती म्हणाली. "परत आता. आता दोनदा."

कपाटाआडून दुकानदार बाहेर आला. "भाऊ, हीच. हिच्यापुढं शोधू नका. वहिनींच्या हाताला जणू आणखी एक बोटच फुटलंय."

तिने काठी नुसती धरून ठेवली. डोळ्यांसमोर तळ्याचं पाणी आलं. कसं असेल ते ठाऊक नव्हतं, म्हणून तिने ते आपल्या मनाने रुंद केलं, काठावर गवत घातलं. नवरा थोड्या अंतरावर उभा. दोघांपैकी कुणीच बोलत नाही.

"मुठीवर नाव घालून देतो," दुकानदार कोरायची सुई हातात घेत म्हणाला. "आमच्याकडून भेट. काय घालू?"

"छोटी," नवरा म्हणाला.

दुकानदार थांबला. "वहिनींना छोटी म्हणता?"

"हिला कुठली छोटी?" तो मोठ्याने हसला. "सूनबाई आमची. घरात सगळे तिला छोटीच म्हणतो. परवापासून मागं लागलीय, बाबा, मला पण शिकवा. उद्या नेतोय, तर तिला सकाळी चकित करायचं. म्हटलं, हाताचं माप तर पाहिजे. तिला आणली असती तर सगळं फुटलं असतं. हिचा आणि तिचा हात सारखाच, बांगड्या एकमेकींच्या होतात. म्हणून हिला आणली."

दुकानदाराने तिच्याकडे पाहिलं आणि पटकन सुईकडे पाहिलं.

"वहिनी पण येत असतील ना तळ्यावर?" त्याने विचारलं. बिचाऱ्याला सावरायचं होतं.

"ही? ही तळ्यावर आणि आई वाऱ्यावर?" नवरा म्हणाला. आपलाच विनोद त्याला आवडला. "आणि हिला काय कळतंय त्यातलं. अगं, जरा परत फिरवून बघ. तिचं मनगट दुखतं लगेच. दुखलं तर सांग."

तिने फिरवली. एकदा, मग पुन्हा एकदा. "नाही दुखत," ती म्हणाली.

त्याची नजर भिंतीवरच्या एका लाल काठीवर गेली. मघाच्या ताठ काठीचीच बहीण, फक्त रंगाने उजवी. "ती लाल कशी? पोरीला लाल आवडतो. दिसते पण झकास. काय गं, लाल घेऊ?"

दुकानदार काळ्या काठीकडे पाहत राहिला. सुई तशीच हातात.

तिने 'घ्या' म्हटलं असतं, तर काही बिघडलं नसतं. लाल काठीने आमिष पायाशी पडत राहिलं असतं, पोरीचं मनगट दुपारपर्यंत भरून आलं असतं, आणि एका रविवारात हौस खुंटीला टांगली गेली असती. मग ती काठी घरातच राहिली असती. हा सगळा हिशेब तिच्या मनात पुरा झाला, आणि झाला याचंच तिला भय वाटलं.

"लाल नको," ती म्हणाली. "तिच्याने फेकवणार नाही. पोर हिरमुसेल. हीच घ्या."

बाहेर स्कूटरपाशी वेगळीच अडचण. काठी तिच्यापेक्षा उंच.

"ही घेऊन मागं बसलीस तर कुठंतरी अडकून मोडशील," तो म्हणाला. "तू बसने ये. मी पुढं होतो. आता कशाला उद्याची वाट बघायची, छोटीला थांब्यावरच घेऊन येतो. टोक सांभाळ. तुला लागलं तर भरून येईल, ते येणार नाही."

तो गेला. ती थांब्यावर उभी राहिली. टाचेला फोड आला होता.

बसमध्ये खिडकीशी तिच्याच वयाची एक बाई बसली होती, मांडीवर औषधांची पिशवी. तिने सरकून जागा दिली आणि काठीकडे खालून वरपर्यंत पाहिलं.

"मासे धरायची का हो?"

"हो."

"कुणाची?"

ती काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरून बसली होती. मुठीवरचं नाव तिच्या तळव्याखाली होतं. "माझी," ती म्हणाली.

"अगबाई. तुम्ही धरता?"

"लहान शिकारी मासे असतात ना, ते. त्याला हलकीच काठी लागते. जड असली की हाताला कळत नाही."

"आणि घरचे जाऊ देतात?"

"यजमानच नेतात. दर रविवारी." आता मागे फिरायला वाट नव्हती, आणि फिरावंसंही वाटत नव्हतं. "गवतात बसतो दोघं. बोलायचं नाही, मासा बिचकतो. नुसतं बसायचं. डोळे मिटले तरी चालतं, मासा आला की तळहाताला कळतं."

"कसं कळतं?"

"सुईने कापडाला शिवावं तसं."

 बाई पिशवी छातीशी धरत म्हणाली, "आमचे असताना बाजारालासुद्धा एकत्र गेलो नाही. नशीब लागतं, बाई."

"लागतं," ती म्हणाली.

थांबा आला. ती उठली. दारातून आधी टोक बाहेर काढलं, मग मूठ, मग स्वतः उतरली.

स्कूटरला टेकून तो उभा होता. छोटी धावतच आली. "आई, माझी? खरंच माझी?" तिने काठी सासूच्या हातातून घेतली, मुठीवरचं नाव वाचलं आणि टाळ्या पिटायचं सोडून सासऱ्याच्या दंडाला लटकली. "बाबा, तुम्ही निवडलीत?"

"मग? दुकान पालथं घातलं सकाळपासून," तो म्हणाला. आवाज त्याचा मोठाच होता. "जपून हं. अख्ख्या घरात फक्त तुझी आहे. तुझ्या सासूलासुद्धा हात लावू द्यायचा नाही."

छोटी खळखळून हसली. बस सिग्नलला अडकून तिथेच उभी होती. औषधांची पिशवी घेतलेली बाई खिडकीतून, काच सारून, सगळं पाहत होती.

ती रस्त्याकडे पाठ करून उभी राहिली. पदर नीट होता, तरी तिने तो नीट केला. बस हलेपर्यंत तिने मागे वळून पाहिलं नाही.