ठमीचं माप

"आमची ठमी हूं की चूं करत नाही," ठमीचा बाप, सुतारकाम करणारा मिस्त्री, शेजारच्या खाटेवरच्या बाळाच्या आईला सांगत होता. "एवढी टोचाटोची झाली, पण डोळ्यांतून टिपूस नाही. आहे की नाही गं?"

आठ वर्षांची ठमी गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. तिने मान हलवली.

सिस्टर औषधांचा ट्रे घेऊन तिथेच उभी होती. मुलांच्या वॉर्डात तिचे केस पांढरे झाले होते आणि आपल्या कामाचा तिला चांगलाच ताठा होता. तिच्या वॉर्डात खाटेवर सुई टोचायची नाही, असा दंडक होता. टोचायचं ते पलीकडच्या खोलीत. खाट मुलाची, तिथे त्याला भीती वाटता कामा नये. या बाबतीत ती कुणाचं ऐकून घेत नसे.

ठमीचा आजार आता बरा होणार नव्हता. डॉक्टरांनी मिस्त्रीला जवळ बसवून तसं स्पष्ट सांगितलं होतं. दुखणं आटोक्यात आलं की घरी न्या, आपल्या माणसांत राहू दे, असंही म्हणाले होते. त्यासाठी मॉर्फिनचं सिरप लिहून ठेवलं होतं. पण मिस्त्री अडून बसला होता. पोरीला दुखतच नाही, तर एवढं कडक औषध कशाला?

"दुखतंय का गं?" सिस्टरने विचारलं.

ठमीने आधी बापाकडे पाहिलं. "नाही."

ते पाहणं सिस्टरने बरोबर टिपलं. तिने मिस्त्रीला चहाला पिटाळलं आणि स्टूल पुढे ओढलं.

"आता खरं सांग."

"बाबांना सांगाल," ठमी पुटपुटली. "ते सगळ्यांना सांगतात, मी शूर आहे."

"मी कशाला सांगू? तूच सांगशील."

सिस्टर तरातरा निघाली ती बापाची खरडपट्टी काढायलाच. तो जिन्यात सापडला. हातातला चहा गार झाला होता आणि तो भिंतीकडे बघत बसला होता. तिचा निम्मा राग तिथेच उतरला.

"मिस्त्री, तुमचं काही दुखतं का हो?"

"माझं? छे."

"रोज त्या स्टुलावर बसून पाठ शाबूत?"

"पाठीचं काय विचारता. मोडून आलीय."

"मग पोरीसमोर बोला की तसं. तुमच्यात दुखतं म्हणून कुणी सांगतच नसेल, तर तिनं कसं सांगावं?"

मिस्त्रीने कप खाली ठेवला.

"ते औषध दिलं म्हणजे मी तिला सोडून दिली, असं नाही होत?"

"तिचं दुखणं तुम्हाला वाटून घेता येत नाही. कमी करता येतं, ते मी करते. मला येतं ते."

परत येऊन तो खाटेच्या कडेला टेकला. "ठमे, माझी पाठ फार दुखते गं. कधी कधी रडूच येतं."

ठमी त्याच्याकडे बघत राहिली.

"माझं पोट पण," ती म्हणाली. "पाय पण. सगळंच." आणि तिने भोकाड पसरलं. आख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. मिस्त्रीने तिला गप्प केलं नाही. तिला धरून तो तिच्याइतकाच मोठ्यांदा म्हणाला, "सिस्टर, माझ्या पोरीला दुखतंय."

औषध हळूहळू लागू पडलं. ठमीच्या भुवया सैल झाल्या, मुठी सुटल्या. मग पोटाशी घेतलेले गुडघे सरळ झाले आणि ती हातपाय ताणून गाढ झोपली. आपली विद्या कामी आली, या अभिमानाने सिस्टरचा ऊर भरून आला.

मिस्त्री ठमीच्या पायांकडे बघत होता.

"किती उंच झाली ही. सारखी दुमडून असायची, कळलंच नाही." त्याने डोळे पुसले, पण आवाजातली ऐट लपत नव्हती. "आईवर गेलीय. घरचा पलंग मीच बनवलाय. त्यात मावायची नाही आता. आजच जाऊन वाढवतो."

"माप घ्या मग."

टेप नव्हता. सिस्टरने बँडेजची गुंडाळी आणली. मिस्त्रीने एक टोक ठमीच्या डोक्याशी धरलं, सिस्टरने तिच्या टाचेपर्यंत पट्टी सोडली आणि कात्री लावली.

"थांबा," मिस्त्री म्हणाला. "वीतभर जास्त धरा. वाढतं अंग आहे."

सिस्टरने आणखी वीतभर पट्टी सोडली आणि तिथे कापली.