रिकामा चौकोन

तेव्हा अमेरिकेत, मिनेसोटातल्या त्या छोट्या कॉलेजात नावनोंदणी व्यायामशाळेत व्हायची. लांब टेबलांवर एकेका विषयाची कार्डं मांडलेली असत. एक कार्ड म्हणजे वर्गातली एक जागा; कार्डं संपली की विषय संपला. सेंद्रिय रसायनाची चोवीसच होती. ती हुकली की डॉक्टरकीची सगळी तयारी वर्षभर लांबणार, आणि व्हर्ना लिंडक्विस्टला वडिलांनी बजावलं होतं, "चार वर्षं शिकवीन. पाचवं नाही."

पण कार्ड मिळायला अभ्यासाच्या आराखड्यावर सल्लागार ऑस्ट्रँडरबाईंची सही लागे. डॉक्टर व्हायला निघालेल्या प्रत्येक पोराचा चार वर्षांचा आराखडा बाईंच्या नजरेखालून जायचा.

बाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला. "रसायन, भौतिक, प्राणिशास्त्र. एकाच सत्रात तीन प्रयोगशाळा? जेवणार कुठं, परीक्षानळीत?"

"मुलीला जास्तच करून दाखवावं लागतं, बाई."

"दाखवशील की. तिन्हींत जेमतेम पास होऊन दाखवशील. भौतिक पुढच्या वर्षी घे. या चौकोनात विज्ञान सोडून काहीही लिही, मग सही."

"बाई, अठरा कार्डं गेलीत!"

"मग लवकर लिही."

व्हर्नाचे डोळे रागानं भरून आले. तिनं भौतिक इतकं खसाखसा खोडलं की कागद फाटायला आला. "काय लिहू? चित्रकला?"

"शनिवारी काय करतेस तू?"

"वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची नखं कापते." मग हळूच म्हणाली, "तिथल्या एंगस्ट्रॉमआजोबांना मेंदूचा झटका आल्यापासून इंग्रजी आठवत नाही. नुसतं स्वीडिश बोलतात. कुणाला कळत नाही, मग चिडून ताट ढकलतात. आजीमुळे मला चार शब्द येतात, पण..."

बाईंनी रिकाम्या चौकोनावर बोट ठेवून पेन्सिल पुढं सरकवली.

सही घेऊन व्हर्ना बर्फातून धावत सुटली. रसायनाची दोन कार्डं उरली होती. स्वीडिशचा गठ्ठा मात्र जसाच्या तसा. तिथला कारकून हसला, "वाट चुकलीस का, पोरी?"

"नाही," ती धापा टाकत म्हणाली.

मार्चमधल्या एका शनिवारी तिनं अडखळत स्वीडिशमध्ये विचारलं, "आजोबा, कुठं दुखतंय?"

एंगस्ट्रॉमआजोबांनी ताट ढकललं नाही. आधी तिचा उच्चार सुधारला, आणि मग तिचा हात धरून आपल्या गुडघ्यावर ठेवला.